पिंपात धरलेलं डोकं

लोणावळ्यात बाजीरावशेठच्या ग्यारेजात मी बॅटऱ्या भरायचो. ह्यो मारुती, म्हंजी मी, डोक्याचा गरम, हे आख्ख्या बाजाराला ठावं. कपाळावरची ही खोक कशी पडली म्हून समदी इचारत्यात. ऐका तर.

सदुसष्ट सालचा वैशाख. राजमाचीकडच्या ठाकरवाडीचा नवसू म्हयन्यापूर्वी माझ्या हाताखाली आलेला. चांगला तिशीचा गडी. त्याआधी धा वर्सं त्यानं भट्टीवर चुना विझवलेला. कळीच्या चुन्यावर पाणी ओतायचं, ढीग फसफसला की मागं सरायचं. त्या कामात त्याचा हात धरणारा कुणी न्हवता.

त्या दुपारी एक डायवर दाराशी बोंबलत हुता, "बॅटरी दे लौकर, घाट उतरायचाय!" माझं टाळकं सटकलं. भांडाया भाईर जाता जाता मी वरडलो, "नवस्या, बॅटरीचं ॲसिड-पाणी कालव तेवढं!"

आतून फाडकन आवाज आला, आन् मंग किंकाळी.

नवसूनं बरणीत आधी ॲसिड ओतलं आन् त्यावर तांब्याभर पाणी, चुन्यावर ओतत्यात तसं. ॲसिड जड, त्ये खाली बसतं. वरचं पाणी जागच्या जागी उकळतं आन् ॲसिड घिऊन उडतं. पाण्यात ॲसिडची बारीक धार सोडली की तापतं, पर अंगावर येत न्हाई.

त्याचा सदरा धुमसत हुता, तोंडाची साल सुटत हुती. मी केस धरून त्याला पाण्याच्या पिंपाकडं वढला.

"पानी नको, मारुतीभाऊ! पान्यानंच पेटलं!"

खोटं न्हवतं बोलत बिचारा. तांब्याभर पाण्यानं जाळलं आन् पिंपभर पाणी वाचवंल, हे त्या येळी कसं समजवायचं? त्यो माझ्या मनगटाला कडकडून चावला. मी जबड्यावर ठोसा हाणला, हात पिरगाळला, डोकं पिंपात दाबलं. दम घ्याया वर काढलं, पुन्यांदा दाबलं.

तेवढ्यात करवंदं इकून त्याची बायकू चिंगी आली. तिनं काय बघितलं? मी तिच्या नवऱ्याला बुडवतोय!

"मुडद्या, मारतोस व्हय रे माझ्या मानसाला!"

तिनं खाली पडलेला लोखंडी पाना उचलून माझ्या कपाळावर घातला. रगत डोळ्यांत उतरलं. दुसरा घाव खांद्यावर बसला. पर मी हात सोडला न्हाई.

नवसूचा डावा डोळा गेला, उजवा वाचला. डाक्टर म्हनला, पाण्याला जरा उशीर झाला असता तर दोनी गेलं असतं.

आठ दिसांनी चिंगी सूपभर करवंदं घिऊन आली. माझ्या पायावर डोकं ठिवून रडली. "भाऊ, तू देव हायेस. आन् मी तुला मारलं."

मी पाय मागं घेतलं. लाज वाटली, लय लाज वाटली. म्हयनाभर त्याला बॅटऱ्या उचलाया लावल्या, शिव्या घातल्या, पर आधी पाणी आन् मंग ॲसिड, येवढं एकदाबी सांगितलं न्हवतं. म्हनलं, चुन्याचा मानूस, त्याला काय शिकवायचं? चिंगीचा पाना चुकीच्या मानसाला लागला न्हवता.

हे तिला सांगायचं हुतं. मी सूप हातात घेतलं आन् म्हनलं, "जाऊ दे गं बाई, उठ."