वॉल्ट्झचा वेग

वडिलांनी रचलेला वॉल्ट्झ उद्या त्यांच्या अंत्यविधीत वाजायला हवा होता, आणि तो त्यांच्या संगणकातून बाहेर यायला तयार नव्हता. इर्याने पुन्हा क्लिक केलं. पुन्हा तीच करडी चौकट आली: एक फाइल सापडत नाही, म्हणून संगीत लिहिण्याचा प्रोग्रॅम सुरू होऊ शकत नाही.

"मघाशी मागत होता ती फाइल मी नेटवरून आणून टाकली ना," तिचा भाऊ ताउनो मागून म्हणाला.

"आता दुसरी मागतोय. ती दिलीस तर तिसरी मागेल. नाताळात आला होतास तेव्हा तूच याची साफसफाई केलीस ना? काय काय काढलंस?"

"कामाचं काहीच नाही गं. यादीत एकाच नावाच्या ढीगभर ओळी होत्या, फक्त साल वेगळं. म्हटलं, म्हाताऱ्याने तेच तेच भरून ठेवलंय. सगळ्यात नवी ठेवली, बाकीच्या उडवल्या."

"अरे शहाण्या, त्या प्रती नव्हत्या. जो प्रोग्रॅम ज्या सालच्या फायलींवर बांधलाय, त्याला त्याच लागतात. नव्यांवर त्याचं भागत नाही."

खाली स्वयंपाकघरात चर्चमधल्या बायका उद्याच्या कॉफीसाठी वेलदोड्याचा पाव कापत होत्या.

इर्याने ताउनोने आणलेली सुटी फाइल काढून टाकली, त्या फायली बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवरून जुन्या सालचा पूर्ण संच उतरवला आणि बसवला. या वेळी प्रोग्रॅम निमूटपणे उघडला. वॉल्ट्झ तिथेच होता. दुसऱ्या अकॉर्डियनचा भाग यंत्र वाजवायचं आणि बाबा आपल्या अकॉर्डियनवर त्याला साथ द्यायचे. आई गेल्यापासून त्यांची रोजची सकाळ अशीच जायची.

तिने तो वाजवून पाहिला. चाल ओळखीची होती, पण केवढी संथ!

"हे काय? बिघडलं वाटतं," ताउनो म्हणाला.

"नाही. बघ, याच वॉल्ट्झच्या आधीच्या वर्षांच्या फायलीही आहेत. दर वर्षी बाबा वेग थोडा थोडा उतरवत गेलेत."

तिने चर्चमधल्या ऑर्गनवादक लेहतोबाईंना फोन लावला.

"मिळाला का गं पोरी? आणि वेग कोणता धरू? तुझा बाप तर घोडा सोडल्यासारखा वाजवायचा."

"शेवटचा धरा, बाई. सगळ्यात हळू."

"तेवढ्यात मला दोनदा कॉफी पिऊन होईल."

"होऊ दे."

फोन ठेवून ती वळली तेव्हा ताउनो पडद्याजवळ वाकून वॉल्ट्झच्या शेवटच्या फायलीवरची तारीख वाचत होता. ती नाताळाच्या आदल्या दिवसाची होती.

"इर्या, त्यानंतर त्यांनी हा उघडला नाही? की त्यांना उघडताच आला नाही?"

फेब्रुवारीत तिला बाबांचा फोन आला होता. यंत्र रुसलंय, म्हणाले होते. पण ताउनोला कळू देऊ नकोस, बिचाऱ्याने एवढं झाडूनपुसून दिलंय. आणि मग हवेबद्दल, गोठलेल्या तळ्याबद्दल बोलत राहिले. ईस्टरला येऊन बघते, असं ती म्हणाली होती.

"वेग बघ ना कुठे आला होता," ती म्हणाली. "बोटं चालत नव्हती रे त्यांची. सोडलं असेल त्यांनीच."

ताउनोने मान हलवली. मग बराच वेळ तो पडद्याकडे पाहत राहिला, आणि इर्या प्रिंटरमध्ये कागद घालत राहिली.