तासाला सत्तर कॉलर

चूक एवढीच झाली, की घड्याळवाला शेजारी येऊन उभा राहिला आणि तिच्या अंगात आलं.

कारखान्यात तिला सगळे कॉलरवाली म्हणत. शर्टाला कॉलर जोडायची आणि शर्ट पुढे बाहीवालीकडे सरकवायचा, एवढं तिचं काम. कुठल्या कामाला किती वेळ लागतो ते मोजायला ऑफिसातून तो माणूस आला होता. कुणी बघत असलं की तिचे हात नेहमीपेक्षा जास्त पळत. शाळेत फळा पुसतानाही हीच खोड. "वा, ताई," तो म्हणाला. ते दोन शब्द तिने दिवसभर खडीसाखरेसारखे तोंडात घोळवले.

सोमवारी भिंतीवरच्या फळ्यावर साठ खोडून सत्तर लिहिलेलं होतं. तासाला सत्तर, सगळ्या लाइनीला.

"घे बाई," बाहीवाली मावशी म्हणाली. "तुझं कौतुक आमच्या मानगुटीवर बसलं." त्यानंतर महिनाभर मावशीने तिच्याशी बोलणंच टाकलं.

त्या महिन्यात पाण्याच्या बाटल्या घरून भरून यायच्या आणि भरलेल्याच घरी जायच्या. संडासला जायला सुपरवायझरच्या टेबलाशी खिळ्याला टांगलेला लाकडी पास घ्यावा लागे, आणि परत येईपर्यंत मशीनपुढे ढीग. त्यापेक्षा तहान बरी. मावशीला लघवीला आग व्हायला लागली. डॉक्टर म्हणाले, भरपूर पाणी प्या. मावशी मागच्या मशीनवालीला म्हणाली, "त्यांना म्हणावं, माझ्या जागी बसा नि मग प्या." कॉलरवालीने ते ऐकलं आणि दोरा ओवायच्या निमित्ताने मान खाली घातली.

सत्तर काही होईनात. तेव्हा गुरुवारी पुन्हा मोजणार असं कळलं.

"या वेळी हळू," मावशी समोर बघतच म्हणाली. "हातांना सांगून ठेव."

तिने घरी सराव केला. धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घालायला बसली आणि लेकीला मोबाइलवर वेळ लावायला सांगितलं.

"आई, मघाएवढेच सेकंद."

"अगं, हळूच तर घालत होते."

"तू घाईघाईने हळू करतेस."

दोघी हसल्या. मग तिच्या लक्षात आलं, चहात साखर ढवळतानाही आपला हात असा फिरतो, जसा काही शेगडीच्या वर फळा टांगलाय. हसू तिथंच विरलं.

गुरुवारी त्याने घड्याळाचं बटण दाबलं आणि हात सुटले. एक शर्ट, दोन, तीन. ती आतून ओढून धरत होती, हात ऐकत नव्हते. शेजारी मावशी मुद्दाम इकडे बघत नव्हती. चौथ्या शर्टाला तिने पायच उचलला. मशीन थांबलं. तिने खाली वाकून बाटली काढली आणि अर्धी रिकामी केली.

त्याने घड्याळ थांबवलं. "झालं की सांगा."

"थांबवू नका."

"हे कामात धरत नाहीत, ताई."

"मग कशात धरता? माणूस पाणी पितं. प्यायलं की जावं लागतं. दोन्ही इथंच होतं ना?"

ती उठली. सुपरवायझरच्या कपाळाला आठी पडली. तिने खिळ्यावरचा पास घेतला आणि गेली. न पळता गेली, न पळता आली. मशीनपुढे चार-पाच शर्ट साचले होते. घड्याळवाल्याच्या हातातलं घड्याळ चालू होतं.

"चार मिनिटं," तो हळूच म्हणाला आणि त्याने लिहून घेतलं.

सोमवारी फळ्यावर साठ नव्हतं. सहासष्ट होतं. ती बराच वेळ त्या आकड्याकडे बघत राहिली. साठापेक्षा अजून सहा जास्तच होते; तेवढी तिची चूक फळ्यावर उरली होती.

"म्हणजे पाण्यापुरते चार शर्ट सुटले," मावशी म्हणाली. तिने बाटलीचं झाकण उघडलं, सावकाश प्यायली, पदराने तोंड पुसलं. "तुझ्या पुढ्यात ढीग आहे का माझ्या?"

"तुमच्या. मी बघते, जा तुम्ही."

मावशी पासाकडे निघाली.