मिटलेलं पुस्तक

स्वयंपाकघरात वाटी खणखणत घरंगळली आणि दुपारची शांतता मोडली. पिटुकली झोपेतून उठून सरळ भांड्यांकडे वळली होती.

आईने कपाळाला हात लावला. उद्या नर्सिंगची परीक्षा. गेल्या खेपेला नापास झालेली, आता ही शेवटची संधी. हृदयाचा धडा खुणा करकरून पिवळाधमक झाला होता, पण पुस्तक मिटलं की डोक्यात काही म्हणजे काही उरत नव्हतं.

"वहिनी, अभ्यास करतेयस की रंगकाम?" नणंद सकाळीच व्हिडिओ कॉलवर ती पिवळी पानं बघून हसली होती. "पुस्तक मीट आणि कुणाला तरी समजावून सांग. अडशील तेवढंच परत वाच."

घरात दुसरं होतं कोण? तिने पिटुकलीला समोर बसवलं आणि पुस्तक मिटलं.

"हृदयात चार खोल्या असतात. दमलेलं रक्त उजवीकडच्या वरच्या खोलीत येतं, मग खालच्या खोलीत."

"मग परत वर?"

"छे गं! मधलं दार एकाच बाजूने उघडतं."

"मग जातं कुठे बिचारं?"

आई अडली. तिने तेवढीच ओळ पाहिली, पुस्तक पुन्हा मिटलं.

"फुप्फुसात. हवा खायला!"

मग डावी बाजू, मग सगळं अंग; एकातून एक आपोआप आठवत गेलं. तिच्या अंगावर काटा आला. इतके दिवस ती जे घोकत होती, ते या क्षणी समोरच्या इवल्याशा छातीत चाललं होतं. तिने तिथे कान टेकला. धडधड, धडधड, न थकता.

"आई, पण पहिल्यांदा ते सुरू कुणी केलं?"