बारा घरांची यादी

खोटं बोलायचंच असेल तर माणसानं मुळ्याच्या बाबतीत तरी बोलू नये. मुळा फार दिवस गप्प बसत नाही. तिसऱ्या दिवशी पानं पिवळी पडतात, पाचव्या दिवशी वास जिन्यापर्यंत जातो, आणि वरच्या मजल्यावरचा कंपाउंडर दार वाजवून विचारतो, "यादीबाई, घरात कोणी मेलंबिलंय का?"

"तुमच्या जिभेला काही हाड?" म्हणून यादीबाई दार लावून घ्यायच्या. पण खरं सांगायचं तर मेलं होतं. दोन वर्षांपूर्वीच मेलं होतं, आणि बाई त्या मेलेल्या माणसाच्या नावानं दर गुरुवारी मुळे मागवत होत्या.

यादीबाई हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. शाळेच्या ऑफिसात तीस वर्षं टायपिंग केलं. नवरा गेला, मूलबाळ नव्हतं, पुढं नोकरीही संपली. हात रिकामे राहवेनात, म्हणून त्यांनी गल्लीत भाजीमंडळ काढलं. चार हात फिरून आलेली शिळी भाजी घेण्यापेक्षा बारा घरांनी मिळून थेट शेतातून मागवायची, एवढीच कल्पना. छापखान्यामागची शटरची खोली मिळाली, लोखंडी रॅक आलं, तराजू आला. यादी बाईंच्या हातात, म्हणून त्या यादीबाई. आणि शेत त्यांच्या सख्ख्या थोरल्या भावाचं, शहरापासून दीड तासावर.

हा दादा म्हणजे एक नमुनाच होता. बिनकामाचा पाय उचलायचा नाही, हा त्याचा स्वभाव. बाईंचा नवरा गेल्यावर पहिल्या दोन वर्षांत तो दोनदा आला. एकदा नळ गळत होता म्हणून, एकदा दाराची बिजागरी निखळली म्हणून. काम झालं की हात धुवायचा, घटाघटा पाणी प्यायचा आणि निघायचा. चहा टाकते म्हटलं तर "नको, गाडी उभी आहे." तिसऱ्या वेळी बोलवायला घरात काही मोडेचना. बाईंनी एकदा चांगल्या खुर्चीचा पाय ढिला करून पाहिला, पण मेल्या शेजाऱ्यानंच येऊन ठोकून दिला.

मंडळाचं विचारलं तेव्हा दादा म्हणाला होता, "बारा घरं भरली तर गुरुवारी टेम्पो आणीन. त्यात एक जरी कमी झालं, तरी एवढ्या लांब खेप करण्यात अर्थ नाही."

बाईंनी ते वाक्य काळजावर कोरून ठेवलं. बारा घरं भरली. आणि दर गुरुवारी सकाळी सात वाजता दादा यायला लागला. पिशव्या उतरवायच्या, रॅकवर लावायच्या, मग एक रिकामं क्रेट पालथं घालून त्यावर बसायचं. बाई थर्मासमधून चहा ओतायच्या. अर्धा तास. कधी आईची आठवण निघायची, कधी कोबीवरच्या अळीची, कधी काहीच नाही. साडेसात झाले की तो उठायचा, कारण घरी पाण्याची मोटर लावायची असायची. मंडळाची माणसं यायची संध्याकाळी, कामावरून सुटल्यावर. त्यामुळं नऊ वर्षांत दादानं त्यातलं एकही माणूस डोळ्यांनी पाहिलं नाही.

पण ओळखत सगळ्यांना होता. ही त्याची तऱ्हाच होती. सगळ्यांना सारखं भरायचं, वजन केलं की झालं, हे त्याला पटायचं नाही. प्रत्येक घराची पिशवी वेगळी, तिला सुतळीनं बांधलेली चिठ्ठी, चिठ्ठीवर बाईंनी सांगितलेलं टोपणनाव. 'जुळ्यांची आई': गाजरं जास्त, पालक लपवून घालता येईल असा कोवळा. 'रात्रपाळी': नर्स होती ती, तिला झटपट शिजेल असंच. 'कंपाउंडर': कांदे दोन मूठ वर. आणि 'बोळकी आजी': बेकरीवाल्याची आई, तोंडात एकही दात नाही, पण मुळ्याचं वेड. दादा तिच्यासाठी मुळे बोटाएवढे असतानाच उपटायचा. पुढं पुढं तर त्यानं तिच्यापुरता वेगळा वाफाच केला.

"आजीला चावला का गं मुळा?" चहाचा पहिला घोट घेतला की हा प्रश्न ठरलेला.

"लोणी आहे म्हणाली."

एवढं ऐकलं की हा मख्ख माणूस मिशीतल्या मिशीत हसायचा. बाईंच्या आठवड्यातला तो सगळ्यात सुखाचा क्षण. हे असं सरळच सांगितलेलं बरं, कारण पुढचं सगळं त्यापायी झालं.

पुढं घरं गळायला लागली. जुळ्यांच्या आईची बदली झाली. दोन घरांना मोबाइलवर बोट टेकवलं की दारात भाजी मिळायला लागली, मग छापखान्याच्या मागं कोण तंगडतोड करतंय! आणि या सगळ्यांच्या आधी, एका मंगळवारी, बोळकी आजी गेली. झोपेतच, काही त्रास न होता. बेकरीवाल्यानं दोन दिवस भट्टी बंद ठेवली आणि तिसऱ्या दिवशी पहाटेच सांगून टाकलं, "बाई, आता आमची पिशवी बंद करा. आमच्यात मुळा खाणारी तीच एक होती."

तो दिवस गुरुवार. सकाळी चहा ओतताना दादानं विचारलं, "आजीला चावला का गं मुळा?"

बाईंनी तोंड उघडलं होतं. अगदी "दादा, अरे..." इथपर्यंत आल्या होत्या. पण यादीवर त्या दिवशी अकरावं घर कसंबसं होतं आणि बारावं म्हणजे आजी. त्यांच्या तोंडून निघालं, "लोणी आहे म्हणाली."

एकदा घसरलं की घसरलं. पुढच्या दोन वर्षांत खरी घरं उरली चार, आणि यादीवर बाराच्या बारा जिवंत. पैसे पेन्शनीतून जायचे, त्याचं बाईंना काही वाटत नव्हतं. वाटायचं ते आठ पिशव्यांचं. झाडूवाल्यांना एखादी द्यावी, छापखान्यातल्या कामगारांना द्यावी, जिन्यात भेटेल त्याच्या हातात कोंबावी. पण फुकटच्या भाजीलाही लोक कारण विचारतात. "नवीन घरं शोधा की," म्हणून कंपाउंडरनं सांगितलं; बाईंनी दारोदार जाऊन पाहिलं, लोक गोड बोलायचे आणि यायचे नाहीत. उरलेलं बाई स्वतः शिजवायच्या, खायच्या, आणि खाऊन खाऊन कंटाळा आला की कोपऱ्यात ठेवायच्या. तिथून तो वास.

आणि खोट्याला खायला घालावं लागतं. आजी बरी आहे एवढ्यावर दादाचं भागेना. मग आजीला पडसं झालं. आजी पडशातून उठली. आजीनं सुनेला सांगितलं की हा शेतकरी कोण आहे त्याची मला दृष्ट काढायचीय. दादा क्रेटवर बसून हसला, म्हणाला, "म्हातारीचं काय खरं नाही!" बाईही हसल्या आणि घरी येऊन ढसाढसा रडल्या.

या पावसाळ्यानंतर दादा एका गुरुवारी आठ वाजता आला. एक पिशवी उतरवली की टेम्पोला टेकायचा. कपाळावर घाम, ओठ राखेसारखे.

"दादा, काय होतंय रे?"

"गॅस. काल उशिरा जेवलो."

बाईंनी पाहिलं. डोळे फुटले नव्हते त्यांचे. त्या क्षणी एक वाक्य म्हणायचं होतं: बाबा रे, आता पुरे. म्हटलं असतं तर त्यानं कदाचित ऐकलंही असतं. आणि ऐकलं असतं तर पुढच्या गुरुवारी सात वाजता त्या खोलीत कोण आलं असतं? बाईंनी चहात साखर ढवळली. "ओवा खा थोडा," एवढं म्हणाल्या.

पुढच्या गुरुवारी टेम्पो आला नाही. नऊ वाजेपर्यंत बाई शटर वर करून थर्मास मांडीवर घेऊन बसल्या. मग वहिनींचा फोन आला. मुळ्याच्या वाफ्यात पडला होता. अकरा पिशव्या भरून झाल्या होत्या, बारावी हातात होती.

हॉस्पिटलच्या जिन्याखालच्या बाकावर वहिनी बसल्या होत्या. साडीच्या काठाला अजून माती होती. बाई शेजारी बसल्या तरी त्यांनी मान वळवली नाही.

"वन्सं, दोन वर्षांमागंच डॉक्टरांनी सांगितलं होतं, वजन उचलायचं नाही, शेत बंद करा. लेकीनं खोली रंगवून ठेवली होती आमच्यासाठी. मी भांडीसुद्धा बांधली होती." वहिनींचा आवाज कोरडा होता, रडून झाल्यावर होतो तसा. "तर म्हणाले, बारा घरं माझ्यावर आहेत. त्यात एक म्हातारी आहे, ती माझ्या हातचंच खाते. तिला काय सांगू? मी म्हटलं, अहो, तुमची काय ती सासू लागते? तर चिडले. मी भांडी सोडली परत."

दोन वर्षं. वहिनी ज्या दिवसांत भांडी बांधत होत्या, त्याच दिवसांत बाई चहा ओतत म्हणाल्या होत्या, लोणी आहे म्हणाली.

"जा आत," वहिनी म्हणाल्या. "तुमचीच वाट पाहतायत. मला एक शब्द बोलत नाहीत, आणि तुमची यादी मात्र घोकतायत."

दादा पलंगावर होता, आणि इतका लहान दिसत होता की बाई आधी पुढच्याच पलंगाकडं गेल्या. हातातून नळ्या, गालाला अजून वाफ्यातली खरचटलेली जागा.

"आलीस?" तो म्हणाला. "ऐक. पंधरा दिवसांत सोडतील. तोवर यादी मोडू देऊ नकोस. रात्रपाळीला सांग, जरा दुकानातून आण म्हणावं. आजीचं तू स्वतः बघ. कोवळे आण. जून दिलेस तर घास अडकायचा म्हातारीच्या."

म्हणजे हा परत जाणार होता. पंधरा दिवसांनी त्याच वाफ्यात, त्याच पिशव्या उचलायला, आठ रिकाम्या घरांसाठी. बाईंना कळलं की आता गप्प बसणं म्हणजे त्याला स्वतःच्या हातानं ढकलणं. आणि बोलणं म्हणजे... तेही फार वेगळं नव्हतं.

"दादा, आजी नाहीये रे."

"कुठं गेली?"

"गेली. दोन वर्षं झाली. जुळ्यांची आई पण नाही इथं. रात्रपाळी नाही. चारच घरं आहेत. बाकीच्या पिशव्या मी घेत होते."

मशीन टिकटिकत राहिलं. शेजारच्या पलंगावरच्या म्हाताऱ्याला कोणीतरी संत्रं सोलून देत होतं. दादा छताकडं बघत होता. मग तो एवढंच म्हणाला, "तो वाफा मी रोज निंदला गं."

"माहीत आहे."

"पडसं झालेलं?"

"मीच झालं म्हटलं."

"मुळे काय केलेस?"

"खाल्ले. सगळे नाही संपले."

त्यानं डोळे मिटले. बाईंना वाटलं, शिव्या द्याव्यात यानं, थोबाडीत मारावी, लहानपणी मारायचा तशी. त्याऐवजी डोळे मिटूनच त्यानं विचारलं, "का केलंस असं?"

"तूच म्हणाला होतास ना," बाईंचा आवाज फाटला, "बाराच्या खाली एक जरी झालं तरी येणार नाही. मला वाटलं, तू यायचाच नाहीस. माझ्याकडं दुरुस्त करायला काही उरलं नव्हतं रे."

दादानं डोळे उघडले आणि पहिल्यांदाच नीट बहिणीकडं पाहिलं.

"टेम्पो आणणार नाही म्हणालो होतो, वेडे," तो म्हणाला. "मी आलो असतो. एसटीनं आलो असतो. रिकाम्या हातानं."

आणि त्यानं तोंड भिंतीकडं वळवलं.

दादा वाचला, म्हणजे जीव वाचला. रक्ताची गुठळी पायात अडकली, आणि उजवा पाय गेला तो गेलाच. लेकीच्या घरी रंगवलेल्या खोलीत त्याचा पलंग खिडकीशी लावलाय. एसटीनं जाणं तर दूरच, खिडकीबाहेरच्या पेरूच्या झाडापर्यंत जाणंही आता त्याच्या नशिबात नाही. शेत कुणीतरी कसायला घेतलंय. शटरच्या खोलीची किल्ली बाईंनी छापखान्यात परत दिली. चार घरांनी हळहळ व्यक्त केली आणि मोबाइलवर भाजी मागवायला सुरुवात केली.

वहिनी बाईंशी बोलतात, पण यादीचं कळल्यापासून वन्सं म्हणत नाहीत. दार उघडतात आणि "आहेत आत" म्हणून स्वयंपाकघरात निघून जातात. बाईंना त्याचं वाईट वाटतं, आणि आपल्याला वाईट वाटण्याचा हक्क नाही हेही कळतं.

आता दर गुरुवारी बाईच दोन एसट्या बदलून जातात. सोबत थर्मास नेतात. पहिले तीन गुरुवार दादा भिंतीकडं तोंड करून पडून होता, चहा गार व्हायचा. चौथ्या गुरुवारी बाई बाजारातून एक मुळ्याची जुडी घेऊन गेल्या. का नेली, त्यांचं त्यांनाच कळलं नाही. दुकानात दिसली आणि हात गेला.

दादानं जुडी हातात घेतली. एक मुळा निवडला, अंगठ्यानं माती पुसली, जरासा वाकवून पाहिला. मुळा मोडला नाही, नुसताच लवला.

"जून आहे," तो म्हणाला आणि जुडी बहिणीच्या मांडीवर परत ठेवली. "म्हातारीला चावला नसता."