मास्तरांच्या घरातला समुद्र

मी एक जुनी काचेची पेटी आहे. हल्ली माझ्यात सुकेळी, म्हणजे उन्हात वाळवलेली केळी, ठेवतात. त्यांना मुंग्या लागू नयेत म्हणून मी डोळ्यांत तेल घालून बसते. पण मित्रांनो, खरे सांगू? मुंग्यांइतकाच माणसांचाही मला संशय येतो. माझा स्वभावच तसा आहे. जिच्या कडा लुकणाने चिकटवलेल्या असतात, तिला कुठून गळती लागेल याची धास्ती जन्मभर असते.

वसईजवळच्या गास गावातल्या थॉमस लोहाराने मला १९५२ साली घडवले. लोखंडी चौकट, तळाला शहाबादी फरशी, चारी बाजूंना जाड काचा आणि त्या बसवायला अळशीच्या तेलात मळलेले लुकण. खाऱ्या पाण्याने लोखंड गंजते, म्हणून त्याने चौकटीला आतबाहेर डांबर फासले.

हा सारा खटाटोप दिनानाथ मास्तरांसाठी होता. घरची केळीची बाग सांभाळून ते वसईच्या शाळेत शास्त्र शिकवत. मुंबईचे नवे मत्स्यालय पाहून आले आणि त्यांना दुसरे काही सुचेना. "समुद्र हाकेवर आहे, तो घरात कशाला हवा?" त्यांच्या पत्नी प्रेमलताबाई म्हणाल्या. पण मास्तरांनी मला ओसरीवर मांडलेच. मोटारीच्या जुन्या ट्यूबमध्ये ते सायकलच्या पंपाने हवा भरत आणि बारीक नळीने ती माझ्या पाण्यात सोडत. बुडबुड्यांनी मला गुदगुल्या होत.

पाणी आणि मासे आणायचा तो पाचूबंदरच्या कोळीवाड्यातला बेसिल. किनाऱ्याजवळ खाडीचे गढूळ पाणी असते, म्हणून तो होडी पार बाहेर नेई, तिथले निळे पाणी मडक्यांत भरी आणि कावडीने आमच्या दारी आणी. पाणी ओतून झाले की पायरीवर बसून तंबाखू मळी. त्याच्या चुन्याच्या डबीवर माझा पहिल्यापासून डोळा होता. चुना आणि मासे यांचे जमत नाही, एवढे मला कळत होते.

पहिले वर्ष माझे फार कौतुक झाले. शाळेतली मुले रांगेने येत आणि काचेला नाक लावून पाहत. मला कोण अभिमान वाटे!

दुसऱ्या उन्हाळ्यात मात्र दृष्ट लागली. ऊन इतके कडक की दर तीन दिवसांनी माझे पाणी चार बोटे खाली जाई. मास्तर लगेच बेसिलला निरोप धाडत आणि तो ताजे समुद्राचे पाणी ओतून मला काठोकाठ भरी. तरीही एका सकाळी एक मासा उलटा तरंगताना दिसला. दोन दिवसांनी दुसरा मेला. मग माझ्या काठावर एक पांढरी, खरखरीत रेघ उमटली.

मास्तरांनी ती रेघ निरखून पाहिली. त्यांची नजर बेसिलच्या डबीवर गेली. माझीही गेली.

"बेसिल, हा चुना कुठून आला?"

"चुना? मला काय ठावं, मास्तर? मी पानी आनतो, चुना नाय आनत."

"मासा मेला की दुसरा आणायला तूच लागतोस. हे मला कळत नाही असे समजू नकोस!"

अंगणात केळी भरणारे चार गडी उभे होते. सगळ्यांनी ऐकले. बेसिलने रिकामी मडकी उचलली. "मास्तर, मुक्या जिवाला मारून मी काय खानार?" एवढेच म्हणून तो गेला. मी मनात म्हटले, बरे झाले, ब्याद टळली.

पण बोललेला शब्द अंगणात थोडाच राहतो? तो बाजारात पोचला. बेसिलची बायको आल्बिना तिथे मासळी विकायला बसे. पाण्यात चुना घालणारा मासळीला काय लावत असेल, असे म्हणत गिऱ्हाइके तिची पाटी ओलांडून पुढे जाऊ लागली. पाटी भरलेली परत येई. त्या घराची चूल त्या पाटीवर होती. प्रेमलताबाईंनी हे मास्तरांना सांगितलेही.

मास्तर आता स्वतः होडीवाल्याबरोबर जाऊन पाणी आणत. हाताने आणत, हाताने ओतत. तरीही मासे मरतच राहिले. मग त्यांनी मांजराला कोंडले. मोलकरणीला ओसरी झाडायची बंदी केली. बायकोच्या राखेच्या टोपलीकडेसुद्धा ते वाकड्या डोळ्यांनी बघू लागले. मीही प्रत्येकाच्या हाताकडे टक लावून बसे. शेवटी काळ्या पट्ट्यांचा एकच बोटभर मासा उरला आणि तोही तळाशी धापा टाकत पडला.

अशात मिठागरातली मालू आली. नारळाच्या आळ्यात घालायला दरवर्षी ती आमच्याकडे जाडे मीठ आणी. पाटी उतरवून ती माझ्यापाशी थांबली. काठावरची पांढरी रेघ तिने नखाने खरवडली आणि सरळ जिभेवर ठेवली.

"अगं, चुना आहे तो!" मास्तर ओरडले.

"कसला चुना? मीठ हाय ह्ये." तिने पाण्यात बोट बुडवून तेही चाखले आणि तोंड वाकडे केले. "मास्तर, तुमी तर घरात आगर मांडलाय! आमी काय येगळं करतो? दर्याचं पानी घ्यायचं, उनानं आटवायचं, परत दर्याचंच भरायचं. पानी उडतं, मीठ कुठं जानार? ह्यात मासा कसा जगंल? इहिरीचं पानी घाला थोडं थोडं."

मास्तरांनी स्वतः बोट बुडवून पाणी चाखले. पाण्याची वाफ होते आणि मीठ मागे राहते, हे त्यांनी वीस वर्षे फळ्यावर शिकवले होते. आणि मी? ते मीठ माझ्याच पोटात साठत होते आणि मी दुसऱ्याच्या कमरेची डबी पाहत बसले होते. मला माझीच लाज वाटली.

विहिरीचे पाणी दिवसभर थोडे थोडे घातले. दुसऱ्या सकाळी तो पट्टेरी मासा वर आला आणि त्याने दाणा टिपला. मास्तरांनी टोपी घातली आणि ते बाजारात गेले. आल्बिनाच्या पाटीसमोर उभे राहून सगळ्यांच्या देखत म्हणाले, "बेसिलची काही चूक नव्हती. चूक माझी होती." गिऱ्हाइके हळूहळू परतली. बेसिलही परतला. महिन्यातून एकदा सगळे पाणी बदलायला त्याची कावड पुन्हा येऊ लागली.

मित्रांनो, कोणाकडे बोट दाखवण्याआधी ते बोट पाण्यात बुडवून चाखून पाहत जा. एवढीच माझी विनवणी आहे. कारण त्यानंतर जे झाले ते मला अजून सलते. मडकी उतरवली की बेसिल पाणी ओतण्याआधी मास्तरांसमोर दोन्ही हात पुढे करी, उलटसुलट करून दाखवी. मास्तर म्हणत, "नको रे बेसिल, असे करू नकोस." तो हसून म्हणे, "असू द्या, मास्तर." आणि मी माझ्यात मासे होते तोवर, प्रत्येक खेपेला, ते मोकळे तळवे पाहत राहिले.