सासूबाईंनी वाचवलेले मासे

टाकीत एक मासा जास्त होता.

ऐकायला यात काहीच वाटत नाही, मला माहीत आहे. पण आमच्या शेडमध्ये मासा कमी होतो, जास्त कधीच होत नाही. कमी झाला तर मेला, नाहीतर उडी मारून बाहेर पडला, नाहीतर मांजरानं पळवला. जास्त झाला तर काय समजायचं? सोमवारी सकाळी मी कोपऱ्यातल्या टाकीवर वाकले, तर आमच्या बोटभर रोहूंच्या घोळक्यात एक दांडगा, शेपटी फाटलेला गडी बापाचं घर असल्यासारखा फिरत होता. नीट पाहिलं तर तळाशी त्याचे आणखी भाऊबंद.

"पवनजी!" मी ओरडले. "ये कहाँ से आए?"

पवनजी आमच्या शेडमधले मदतनीस. एरवी दहा वाक्यं बोलणारा माणूस, त्या दिवशी चपलेकडे बघत म्हणाला, "मैडम, कल अम्माजी आई थीं. बाल्टी लेकर. बोलीं, आपको पता है."

अम्माजी म्हणजे माझ्या सासूबाई.

मी माशांच्या आहारावर आणि तब्येतीवर संशोधन करते. तेही जयपुरात. हसा, सगळेच हसतात. कौशिकची, म्हणजे माझ्या नवऱ्याची, विमा कंपनीतून इथं बदली झाली तेव्हा सांगलीच्या माझ्या मावशीनं विचारलं होतं, "तिथं काय वाळूत मासे धरणार का गं?" पण इथं तलाव आहेत, मासे पाळणारे शेतकरी आहेत, आणि गवार तर पोत्यांनी आहे. गवारीच्या बियांतला डिंक काढून झाला की जो चुरा उरतो त्याला इकडे कोरमा म्हणतात. त्यात प्रथिनं भरपूर. समुद्रातल्या माशांची पूड घातलेल्या नेहमीच्या खाद्याऐवजी हा कोरमा रोहूला चालेल का, आणि तो खाऊन मासा नुसता फुगेल की निरोगीही राहील, एवढंच मला बघायचं होतं. अर्ध्या टाक्यांना नेहमीचं खाद्य, अर्ध्यांना माझं. थंडी सरताना सुरू केलेला प्रयोग आता संपत आला होता, आणि माझे मासे काय सुंदर झाले होते म्हणून सांगू! चकचकीत, खादाड, गुणी पोरं.

आता पाण्याचं. इकडे पाण्याची चैन करून चालत नाही, म्हणून आमच्याकडे तेच पाणी गाळून गाळून सगळ्या टाक्यांतून फिरतं. एका टाकीत रोग शिरला की तो सगळ्यांना लागलाच. म्हणून तर शेडच्या दारात पाय औषधाच्या पाण्यात बुडवायचे, हात धुवायचे, बाहेरचा थेंब आत येऊ द्यायचा नाही. आमची शेड आहे त्या मुरलीपुऱ्याच्या धुळीत मी महिनोन् महिने पहारा दिला होता. आणि सासूबाईंनी अख्खी बादली ओतली होती.

पाण्याचं फिरणं बंद करायला सांगून मी घरी फोन लावला.

"सापडले का तुला?" आईंचा आवाज नुसता खुशीत. "म्हटलं बघू तरी, ओळखतेस का! अगं, त्या अमिताजींच्या मंडळाबरोबर गेले होते मी काल. सीकर रोडनं पुढं एक तलाव आटलाय, मतलब, नुसता चिखलच राहिलाय बघ. त्यात बिचारे तडफडत होते. बाकीच्या बायका बादल्या भरभरून दुसऱ्या तळ्यात सोडत होत्या. मी म्हटलं, माझ्या घरात माशांची डॉक्टर असताना मी कशाला कुठल्या परक्या तळ्यात सोडू?"

उन्हाळ्यात तळी आटली की मासे वाचवायला जाणं हे इथं पुण्याचं काम. शेजारच्या अमिताजी दर वर्षी जातात. मला ते ठाऊक होतं, कौतुकही होतं. फक्त त्यातला एखादा मासा माझ्या टाकीत येईल असं स्वप्नातसुद्धा वाटलं नव्हतं.

"किती आणलेत, आई?"

"सात. सगळे जिवंत!"

"तुम्हाला कुणी सांगितले होते हे उपद्व्याप?" मी फोनवर किंचाळलेच. "कुणाला विचारलंत? त्यांच्या अंगात काय रोग असेल, काही कल्पना आहे का तुम्हाला? माझं सगळं काम मातीत घातलंत तुम्ही!"

सात वर्षांच्या संसारात मी त्यांच्यावर आवाज चढवला नव्हता. तसे त्यांचे आणि माझ्या माशांचे संबंध कधी बरे नव्हतेच. शुद्ध शाकाहारी बाई. माझ्या कामाला त्या बिनदिक्कत 'मासेमारी' म्हणायच्या, आणि शेडवरून आल्यावर अंघोळ केल्याशिवाय मला स्वयंपाकघरात पाऊल टाकू द्यायच्या नाहीत. मी तसाच फोन ठेवून दिला.

आमचे प्रमुख निहार सर. त्यांना सगळं सांगितलं. ते शांत माणूस, पण त्यांचाही आवाज बदलला. आमच्या शेडला लागूनच मत्स्यबीजाचे, म्हणजे माशांच्या पिल्लांचे, हौद आहेत, शेतकरी तिथून बीज घेऊन जातात. रोग तिकडे गेला तर गावोगावच्या तळ्यांत पोचेल. सरांनी दोनच रस्ते सांगितले. एक, आत्ताच्या आत्ता शेडमधले सगळे मासे मारायचे, शेड धुवायची. दोन, बाहेरून आलेले सातही मासे तपासणीला पाठवायचे, शेड बंद ठेवायची आणि वाट बघायची. एकातही काही निघालं तर मग पहिलाच रस्ता. पुन्हा नव्यानं प्रयोग करायला प्रकल्पाची मुदतच उरली नव्हती.

"तपासणी," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

आता ही तपासणी म्हणजे काय, तेही सांगते. विषाणू मूत्रपिंडात, प्लीहेत दडून बसतो. मासा वरून टुणटुणीत दिसतो आणि आतून भरलेला असतो. कल्ल्याचा कपटा कापून त्याला परत पाण्यात सोडलं, असं इथं चालत नाही. मासा उघडावा लागतो. आणि सातातला एखादाच आजारी असू शकतो, म्हणून सातही उघडावे लागतात.

दुपारी मी टबात लवंगेचं तेल ढवळलं. थोडं घातलं तर माशाला भूल चढते, जास्त घातलं तर तो पुन्हा उठत नाही. हे मी कितीदा तरी केलंय, माझा हात कधी अडत नाही. त्या दिवशी अडला. फाटक्या शेपटीचा तर काही केल्या जाळ्यात येईना. पवनजी एका बाजूनं, मी दुसऱ्या बाजूनं, आणि तो मधून सुळकन निसटायचा. शेवटी दमला आणि कोपऱ्यात थांबला. उघडल्यावर सातही आतून स्वच्छ दिसत होते, पण नुसत्या डोळ्यांवर विसंबून चालत नाही. नमुने बर्फात घालून मी दुसऱ्या राज्यातल्या प्रयोगशाळेकडे रवाना केले.

संध्याकाळी तिलक नगरला घरी आले. आई पोळ्या लाटत होत्या. मी अंघोळ करून आले तरी त्यांनी नाक वर केलं.

"लवंगेचा वास येतोय. दाढ दुखतेय का तुझी?"

एवढं ओरडून घेतलेली बाई, आणि तिला माझ्या दाढेची काळजी! मला वाटलं, हो म्हणावं आणि सुटावं. पण नाही जमलं. लवंगेचं तेल कशाला वापरतात ते मी सांगितलं.

"कुठल्या माशांना घातलंस?"

"तुमच्या."

"सगळ्यांना?"

"सगळ्यांना, आई."

त्यांनी पोळी उलटली. ती फुगली, त्यांनी खाली उतरवली, तूप लावलं. "तपासायचं म्हणून मारायचं?" त्या म्हणाल्या. "आपण तापाची तपासणी करतो तेव्हा थेंबभर रक्त घेतात."

"माशांचं तसं नसतं, आई."

"एखादा तरी ठेवायचास."

"आई, तिचं कामच आहे ते," कौशिक मध्येच म्हणाला. "तू गप्प बस," आम्ही दोघी एकदम म्हणालो.

मग सुरू झालं वाट बघणं. जीव टांगणीला लागणं म्हणजे काय ते मला त्या आठवड्यात कळलं. दुसऱ्या दिवशी सकाळी कोपऱ्यातल्या टाकीतल्या माशांनी खाद्याला तोंडच लावलं नाही. जाळं फिरवल्यामुळे बिथरले असतील, असं मी पवनजींना सांगत होते. खरं तर स्वतःलाच सांगत होते. प्रत्येक टाकीवर वाकून मी कल्ल्यांचा रंग बघायची. लाल आहे ना? कालच्यापेक्षा फिका तर नाही? एखादा मासा वर येऊन तोंड उघडायचा आणि मी धावत तिथं जायची. तिसऱ्या दिवशी शेजारच्या टाकीतलाही एक मासा तिरका पोहताना दिसला. मी तासभर तिथंच उभी होते, तो सरळ होईपर्यंत. नवस बोलणाऱ्यातली मी नव्हे, पण येताजाता मोती डुंगरीच्या गणपतीकडे बघून हात जोडायला लागले. त्याला काय सांगत होते कोण जाणे. माझे वाचू देत, एवढंच असेल.

घरी आई आणि मी मिठापुरतं आणि दुधापुरतं बोलत होतो. अमिताजी बोलवायला आल्या तर आईंनी गुडघ्याचं निमित्त सांगून त्यांना परत पाठवलं. गुडघ्याला काहीही झालेलं नव्हतं. मला त्यांचा राग येत होता, आणि राग येतोय याचाही राग येत होता.

शुक्रवारी दुपारी मेल आला. उघडायला बोट धजेना. पवनजी म्हणाले, "मैडम, आप हटो," आणि त्यांनीच उघडला. मग इंग्रजी बघून परत माझ्या हातात दिला. सातही नमुने निर्दोष. एकातही काही नाही.

मी खालीच बसले. हसत होते की रडत होते, मलाच कळेना. निहार सरांना फोन केला, कौशिकला केला. त्या एका टाकीचे आकडे सोडून द्यावे लागणार होते, पण बाकी प्रयोग वाचला होता. पवनजी धावत जाऊन गरम कचोऱ्या घेऊन आले. कोपऱ्यातल्या टाकीत खाद्य टाकलं, तर माझी शहाणी पोरं नुसती तुटून पडली.

पण स्कूटरवर घरी निघाले तसा तो आनंद हळूहळू ओसरायला लागला. सिग्नलला थांबले आणि वाटलं, आता आईंना काय सांगायचं? जे निघालं नाही त्याचा दुसरा अर्थ त्यांना कळायला किती वेळ लागेल? घर येऊच नये असं वाटत होतं.

आई देवापाशी वाती करत बसल्या होत्या.

"आई, रिपोर्ट आला. काही निघालं नाही. माझे सगळे मासे वाचले."

"देव पावला गं बाई!" त्या पटकन उठल्या, साखरेचा डबा काढला, देवापुढं ठेवायला चिमूटभर साखर तळहातावर घेतली. आणि तशाच उभ्या राहिल्या.

"काही निघालं नाही म्हणजे," त्यांनी विचारलं, "माझे चांगले होते?"

"हो."

"धडधाकट?"

"हो, आई."

मला खूप काही सांगायचं होतं. उघडल्याशिवाय ते कळलंच नसतं, शेजारचे हौद होते, शेतकरी होते, सरांनी दोनच रस्ते दिले होते. सगळं खरं होतं आणि त्यातलं एकही वाक्य तोंडातून निघेना. "माझं चुकलं, मी तुमच्यावर तसं ओरडायला नको होतं," एवढंच म्हणता आलं.

"नाही गं. तू तुझं काम केलंस. मीच न विचारता घेऊन आले." त्यांनी साखर देवापुढं ठेवली, तळहात पदराला पुसला. माझ्याकडे बघत नव्हत्या. "एकच मनातून जात नाही बघ. रिक्षात मी बादली मांडीवर घेऊन बसले होते. ती हिंदकळली की घाबरायचे बिचारे. मग मी रस्ताभर त्यांच्याशी बोलत होते. म्हणत होते, घाबरू नका रे, आता काही काळजी नाही. माझ्या सुनेकडे चाललात तुम्ही."