मुद्दाम चुकलेली उत्तरं

सप्टेंबरात, आइस हॉकीचा हंगाम सुरू व्हायच्या आधी, आमच्या डोक्याची परीक्षा व्हायची. संगणकापुढे बसायचं, शब्द लक्षात ठेवायचे, आकृत्या ओळखायच्या, लाल ठिपका दिसला की बटण दाबायचं. पुढे कधी खेळताना डोक्याला मार बसला की तीच परीक्षा पुन्हा. उत्तरं सप्टेंबरातल्या उत्तरांच्या जवळपास आली तरच बर्फावर उतरायची परवानगी.

म्हणून आम्ही सगळे सप्टेंबरात मुद्दाम चुकायचो.

ऑरेस्ट क्लिम त्यातला पक्का. कॅनडातल्या सस्कॅचवानच्या गव्हाच्या शेतांतून आलेला, पुढचे दात केव्हाच गेलेले, आमच्या आइस हॉकी संघातला सगळ्यात जुना बचावपटू. नव्यांना म्हणायचा, "लेकांनो, आत्ता बावळट व्हा, म्हणजे थंडीत नोकरी टिकेल."

"क्लिमी, तुला व्हावं कुठं लागतं? तू आहेसच," मी म्हणायचो. मी गोलरक्षक. त्याची पाठ मी त्याच्या बायकोपेक्षा जास्त पाहिली असेल.

बचावपटूला सगळ्यात भीती असते ती कोपऱ्यातला पक, म्हणजे खेळातली रबरी चकती, आणायला मागे वळायची. तोंड काचेच्या कुंपणाकडे, पाठ उघडी. मागून कोण किती वेगाने येतोय ते दिसत नाही. काचेत हलली तर एखादी सावली. बाकी सगळा भरवसा गोलरक्षकाच्या आवाजावर. मी "मागे!" ओरडलो की माणूस अंगावर आला. "वेळ!" ओरडलो की मोकळा आहेस, सावकाश घे.

जानेवारीत मी "मागे!" ओरडलो, त्याने अंग चोरलंही, पण समोरच्या संघातल्या धटिंगणाने त्याचं डोकं काचेवर आपटलंच. सगळं कुंपण थरथरलं. ऑरेस्ट उठला आणि आमच्या बाकाकडे जायच्या ऐवजी त्यांच्या बाकाकडे निघाला. लोक हसले. मला हसू आलं नाही.

मग बरेच दिवस तो घराच्या तळघरात पडदे लावून पडून होता. उजेड सोसवत नव्हता. त्याची बायको मार्नी जिन्यावरूनही पाय न वाजवता उतरायची. पण वसंतात त्याचा करार संपणार होता, आणि त्या वयात घरी बसलेल्याला कोणी नवा करार देत नाही. उजेड जरा सोसायला लागल्याबरोबर तो परीक्षेला आला.

आमचा वैद्यकीय मदतनीस ग्लेन निकाल घेऊन बाहेर आला. "हुबेहूब सप्टेंबर! शनिवारी खेळतोयस, म्हाताऱ्या."

सगळ्यांनी स्टिका जमिनीवर आपटल्या. ऑरेस्ट हसला, पण तोंड पांढरंफटक पडलं होतं.

घरी सोडायला मीच गाडी घेतली.

"मी नाही चुकलो," तो म्हणाला.

"कशात?"

"आज मुद्दाम काही चुकलो नाही. जीव तोडून उत्तरं दिली, तरी सप्टेंबरइतकीच आली."

मी गाडी कडेला घेतली. "ग्लेनला सांग."

"काय सांगू? सप्टेंबरात फसवलं म्हणून? मग मला दारात कोण उभं करेल? आणि तू तोंड उघडलंस तर बघ."

दारात मार्नी उभी होती. "झालास पास?"

"झालो की."

तिने त्याला बर्फाने भरलेल्या बुटांसकट मिठी मारली. तिच्या खांद्यावरून तो माझ्याकडे बघत राहिला. मी तोंड उघडलं नाही.

शनिवारी सुरुवातीलाच पक माझ्या डाव्या कोपऱ्यात घसरत गेला. ऑरेस्ट वळला. मागे कोणीच नव्हतं. त्यांचा एकजण अजून लांब होता. मी ओरडलो, "वेळ! वेळ!"

ऑरेस्ट थांबला. पक पायाशी होता. मी पुन्हा ओरडलो. त्याने स्टिक टाकली, दोन्ही हातांनी डोकं झाकलं आणि मार चुकवणाऱ्या पोरासारखा कुंपणाशी आकसून बसला. तो लांबचा खेळाडू आला, ऑरेस्टच्या पायाशी पडलेला पक स्टिकने ओढला आणि गोल केला. गोल केल्यावर त्यानेही हात वर केले नाहीत. वळून ऑरेस्टकडेच बघत राहिला.

मध्यंतरात मी ऑरेस्टशेजारी बसलो. "अरे, मी 'वेळ' म्हणत होतो."

"ऐकलं रे. नीट ऐकू आलं." त्याने हेल्मेट काढून मांडीवर ठेवलं. "म्हणजे काय ते आठवेना."

मग त्याने स्वतःच ग्लेनला हाक मारली. सगळ्यांसमोर म्हणाला, "सप्टेंबरातली माझी उत्तरं खोटी होती. आत्ताची खरी आहेत."

ग्लेन त्याच्यापुढे येऊन उभा राहिला. "म्हणजे किती गेलंय तुझं? आधी तू कसा होतास?"

"ते कुठेच लिहिलेलं नाही," ऑरेस्ट म्हणाला.

ग्लेनने आमच्याकडे पाहिलं. एकेकाकडे. कोणी मान वर करेना. आमच्यापैकी कोणाचंच ते कुठे लिहिलेलं नव्हतं.